ट्रेक आणि गाडी, दोन्हीला चालेल असा स्वस्तातला हातातला जीपीएस कोणता? बजेट १५ हजार

नौपाड्याची गणितबाई

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यात राहते, शाळेत गणित शिकवते. आम्ही सहा जणी आठ वर्षांपासून महिन्यातला एक रविवार डोंगरात घालवतो. माहुली, गोरखगड, नाणेघाट, भीमाशंकर अशा मळलेल्या वाटाच करतो, दोर-बीर आमचं काम नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये खोपिवलीहून आहुपे घाटाने वर गेलो. चढताना काही अडचण नव्हती. वर गावात पिठलं-भाकरी झाली, गप्पा झाल्या, साडेतीनला परत निघालो तर पठारावर ढग उतरलेले. दहा पावलांपुढचं दिसेना. घाटाचं तोंड काही केल्या सापडेना. प्रत्येक वळणावर वाटायचं हेच ते, आणि पुढे गेलं की नुसती कारवी आणि खालून येणारा वारा.

फोन होते. एकीचा भिजून बंद पडलेला. दुसरीचा ९ टक्क्यांवर आणि स्क्रीन ओली, बोट एकीकडे टेकवावं तर नकाशा भलतीकडे पळायचा. तिसरीच्या फोनमध्ये बॅटरी भरपूर होती, पण तिने खालून निघताना ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, सुरूच केला नव्हता. तिसरी म्हणजे मी.

पाऊणएक तास एका खडकाच्या आडोशाला बसून काढला. मग डोक्यावर इरलं घेतलेले एक गुराखी मामा आले, "मघाशी इथूनच तर वर आलात की" म्हणाले आणि पाच-सात मिनिटांत आम्हाला तोंडाशी नेऊन सोडलं. त्यांना काही वाटलं नाही. मला अजून झोपेत ती कारवी दिसते.

तर आता वेगळं यंत्र घ्यायचं ठरवलंय. घरातून सूचना अशी की घेतेच आहेस तर गाडीतही चालेल असं घे. सासर चिपळूणजवळ, वर्षातून चार-पाच फेऱ्या होतात. दुकानांत विचारलं तर सगळे हातातली घड्याळं दाखवतात, पावलं मोजणारी. मला पावलं मोजायची नाहीत, वाट शोधायची आहे.

नकाशावालं घ्यावं की बिननकाशाचं चालेल? होकायंत्र, बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची सांगणारा) यांना जास्तीचे पैसे मोजावेत का? चुलतभाऊ डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय, त्याला आणायला सांगू का?

कळवा ते कळसूबाई

ताई, पैसे वाचवा. घरात एखादा जुना अँड्रॉइड फोन पडला असेलच. सिम काढा, ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड हे नकाशाचं ॲप टाका, महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. जीपीएसला नेट लागत नाही, नेट लागतं ते नकाशा आणायला. फोन एअरप्लेन मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा, सोबत १० हजार एमएएचची पॉवर बँक. मी असाच कळसूबाई ते हरिश्चंद्रगड जाऊन आलोय, दोन दिवसांत पॉवर बँक अर्धीही संपली नाही.

हातातली यंत्रं म्हणजे अडीच इंचाहून लहान स्क्रीन आणि दहा वर्षांपूर्वीचा मेनू. त्या पैशांत चांगले बूट येतील.

ऐरोलीचा म्हातारा

वरच्या मुलाचं म्हणणं खोटं नाही. फेब्रुवारीत जाणार असाल तर तो सांगतो तसंच करा. पण बाई ऑगस्टात गेल्या होत्या.

मी विजेच्या टॉवर लाइनच्या सर्व्हेचं काम केलं, तीसेक वर्षं. २००३ साली पिवळं ईट्रेक्स, म्हणजे गार्मिन कंपनीचं हातातलं जीपीएस, घेतलं, ते अजून आहे. रबर फाटलंय, पण खिडकीत ठेवलं की उपग्रह पकडतं. त्याच्या मते मात्र आज एकोणीस वर्षं सात महिने मागची तारीख आहे. बिघाड नाही तो. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ झाले की पुन्हा शून्यावर येतं. ६ एप्रिल २०१९ला ते झालं आणि जुन्या यंत्रांची गडबड उडाली. तारीख चुकते, जागा चुकत नाही. जुनं यंत्र घ्यायला गेलात आणि तारीख विचित्र दिसली तर एवढ्यावरून नाकारू नका, उलट भाव पाडून मागा.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी तुमच्याकडे नकाशा नव्हता म्हणून तुम्ही चुकल्या नाहीत. वर चढताना घाटाच्या तोंडाशी एक बटण दाबून खूण ठेवली असती तर पुरे होतं. पठारावर धुक्यात माणसाला एकच गोष्ट हवी असते: मघाशी जिथून वर आलो ती जागा कोणत्या दिशेला आणि किती मीटर. हे बिननकाशाचं यंत्रही सांगतं. म्हणून नकाशावर फार पैसे घालू नका. त्यातून आपल्या डोंगरांच्या फुकट नकाशांतल्या उंचीच्या रेषा बहुतेक २००० सालच्या अवकाशयानाच्या मोजणीवरून काढलेल्या आहेत, ३० मीटरचे चौकोन धरून. ३० मीटरच्या चौकोनात सह्याद्रीचा सरळसोट कडा म्हणजे बऱ्यापैकी चढ, इतकाच दिसतो. त्या रेषांवर विसंबून कुणी "इथून उतरता येईल" म्हणालं तर त्याच्या मागे जाऊ नका.

होकायंत्राला मात्र पैसे द्या, जमत असेल तर. ईट्रेक्स १०, २०एक्स, २२एक्स यांत ते नाही. ३०एक्स आणि ३२एक्समध्ये होकायंत्र आणि बॅरोमीटर दोन्ही आहेत. होकायंत्र नसलेल्या यंत्राचा बाण तुम्ही चालत असाल तरच खरा. उभं राहून "कुठे जाऊ?" विचारलं की तो वाटेल तिकडे फिरतो, आणि घाबरलेला माणूस नेमका उभा राहूनच विचारतो. उपाय साधा आहे, सावकाश वीस-तीस पावलं सरळ चाला, बाण ताळ्यावर येतो. पण धुक्यात, बाजूला कडा असताना वीस पावलं चालायला छाती लागते. म्हणून एकतर होकायंत्रवालं घ्या, नाहीतर साधं होकायंत्र गळ्यात अडकवा. त्याला सेलही लागत नाहीत.

बॅरोमीटर पावसाळ्यात डोकेदुखी. हवेचा दाब बदलला की तुम्ही चहा पीत बसलेल्या असताना यंत्र म्हणतं चढलात. माहीत असलेल्या उंचीवर दर वेळी जुळवून घ्यावं लागतं. फुकट आलं तर घ्या, मागून घेऊ नका.

फोनविरुद्ध माझं एकच म्हणणं. या यंत्रांना बटणं आहेत, ओल्या बोटांनी, हातमोज्यांनी दाबता येतात. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी चालतील अशी बांधणी आहे. आणि दोन पेन्सिल सेलवर २०एक्स, २२एक्स पंचवीसेक तास जातात. पॉवर बँक संपली की संपली. पेन्सिल सेल मुरबाडला कुठल्याही किराणावाल्याकडे मिळतात. रिचार्जेबल वापरणार असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदलायला विसरू नका. ते सेल १.२ व्होल्टचे असतात, यंत्र त्यांना साधे समजलं तर भरलेले सेलही अर्धे दाखवतं आणि उगाच जीव टांगणीला लागतो.

गाडीचं मला विचारू नका. २.२ इंचांच्या स्क्रीनकडे बघत गाडी चालवणारा माणूस मी तरी शेजारी बसवून घेणार नाही.

खारघर टुरिस्ट

गाडीचं मी सांगतो. सतरा वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय, पनवेल-पुणे-कोकण-विमानतळ सगळं.

ताई, एका यंत्रात दोन्ही होणार नाही. डोंगरातलं यंत्र गाडीत चिमुकलं, गाडीतलं यंत्र डोंगरात तीन तासांत मरतं. गाडीला तुमचा फोनच ठेवा, फक्त चांगला स्टँड घ्या आणि तो एसीच्या जाळीसमोर लावा. मे महिन्यात काचेखाली डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापतो आणि नेमका फाट्याच्या आधी बंद होतो.

पूर्वी मीही काचेला चिकटवायचं नेव्हिगेशनचं वेगळं यंत्र घेतलं होतं. चांगलं होतं, पण नकाशा जुना होत गेला. जानेवारी २०२४ला अटल सेतू सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा त्यावरून गेलो, तर यंत्रात माझी गाडी खाडीत पोहत होती. जवळजवळ बावीस किलोमीटर बाई ओरडत होती, यू टर्न घ्या, यू टर्न घ्या. मागचं गिऱ्हाईक हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवशी ते काढून ठेवलं.

फोनचेही दोष आहेत. कापूरबावडीला पुलावरून जायचं की पुलाखालून, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही, कारण वरून बघितलं तर दोन्ही एकच जागा. एक्स्प्रेसवेच्या बोगद्यात आकाशच नाही तर उपग्रह कुठून दिसणार, तिथे तो अंदाजाने ढकलतो. बोगद्यातून बाहेर आल्याबरोबर दाखवलेल्या वळणावर लगेच विश्वास ठेवू नका, दोन-चार सेकंद द्या.

चिपळूणला जाताना निघायच्या आधी रस्त्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. घाटात नेट जातं. आणि फोन हातात धरून चालवू नका. ऑक्टोबर २०२०पासूनच्या नियमात फोन फक्त रस्ता बघायला वापरायची मुभा आहे, तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

एक गंमत. माझ्या गाडीत सरकारी नियमाचं ट्रॅकिंगचं यंत्र आहे, ते जीपीएसबरोबर आपल्या देशाच्या नाविक उपग्रहांवरही चालेल असं बनवलेलं आहे. लोक विचारतात त्यावर रस्ता दिसतो का. नाही हो. ते मी कुठे आहे ते दुसऱ्याला सांगतं, मी कुठे जाऊ ते मला सांगत नाही.

कळवा ते कळसूबाई

काका, बटणांचं मान्य. पण एक शंका. वाशीच्या खाडीपुलाजवळ माझं एक ॲप उंची उणे ५०-६० मीटर दाखवतं. दुसरं ॲप बरोबर दाखवतं. फोन एकच. मग चूक कुणाची?

ऐरोलीचा म्हातारा

कुणाचीच नाही. जीपीएस पृथ्वीला एक गुळगुळीत अंडाकृती गोळा समजून त्यापासून उंची मोजतं. खरी समुद्रसपाटी त्या गोळ्याला चिकटून नाही. आपल्या भागात ती साठ-पासष्ट मीटर खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरहून जास्त. एक ॲप कच्चा आकडा दाखवतं, दुसरं तक्ता लावून दुरुस्त करून दाखवतं. हातातली यंत्रं बहुतेक दुरुस्त केलेलीच उंची देतात.

यावरून आठवलं. जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सरकारी सर्व्हेच्या छापील नकाशावरून, अक्षांश-रेखांश काढून यंत्रात घालणार असाल तर थांबा. ते कागद एव्हरेस्ट नावाच्या सर्व्हेअरने मानलेल्या पृथ्वीच्या गोळ्यावर काढलेले, यंत्र डब्ल्यूजीएस ८४ हा जीपीएसचा गोळा धरून चालतं. ठाण्याच्या आसपास दोन्हींत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. सपाटीवर शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. घाटाच्या तोंडाशी शंभर मीटर म्हणजे कडा.

आणि दुसरी चूक, जी मी स्वतः केली आहे. १९ अंश १२.५० मिनिटं आणि १९.१२५० अंश या दोन वेगळ्या जागा आहेत, नऊ किलोमीटरचं अंतर. साइटवर फोनवरून कुणीतरी "एकोणीस, बारा, पन्नास" सांगितलं, मी दुसऱ्या पद्धतीने घातलं आणि टॉवरचा पाया शोधत जीप घेऊन भलत्याच गावात पोचलो. तिथल्या सरपंचांनी जेवू घातलं म्हणून तो दिवस लक्षात राहिला.

नौपाड्याची गणितबाई

काका, गणिताच्या बाईला अंश-मिनिटं शिकवल्याबद्दल आभार. उद्या नववीच्या वर्गात हेच उदाहरण घालते.

खारघरवाले दादा, तुमचा खाडीत पोहणारा किस्सा घरी वाचून दाखवला. गाडीसाठी वेगळं यंत्र हा विषय आमच्याकडे कायमचा मिटला, स्टँड आणला.

चुलतभावाशी बोलले. तो म्हणतो, जीपीएस कशाला, उपग्रहावरून निरोप पाठवता येतो असं छोटं यंत्र आणतो, अडकलात तर मदतच मागता येईल. ऐकायला फार छान वाटतंय.

ऐरोलीचा म्हातारा

ते आणू देऊ नका! उपग्रहाशी बोलणारं, म्हणजे निरोप पाठवणारं काहीही आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाही. कायद्याने गुन्हा आहे तो. विमानतळावरच पकडतात, परदेशी गिर्यारोहक या पायी अडकलेले आहेत. साधं जीपीएस नुसतं ऐकतं, बोलत नाही.

भावाला आणायचंच असेल तर ईट्रेक्स एसई सांगा. काळा-पांढरा स्क्रीन, नकाशा नाही, पण होकायंत्र आहे आणि कंपनी दोन सेलवर १६८ तास सांगते. त्यातले अर्धे मिळाले तरी तुमचे आठ-दहा महिन्यांचे रविवार निघतील. अमेरिकेत ते दीडशे डॉलरला निघालं होतं. तिकडून आणलेल्या वस्तूची वॉरंटी इथे चालेल असं धरून चालू नका.

इथेच वापरलेलं मिळत असेल तर तेही वाईट नाही. बघायला जाल तेव्हा आधी सेलचा कप्पा उघडा. पत्र्यांवर हिरवा-पांढरा थर असेल तर सेल पाझरलेत, हात लावू नका. मग वरची ती काडी, बोटाने हलवायची, चारही दिशांना आणि आत दाबून बघा; या मालिकेत आधी तीच जाते. शेवटी उघड्या आकाशाखाली पंधरा मिनिटं ठेवा. उपग्रहांची पूर्ण यादी आकाशातून उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, फोनला ती नेटवरून मिळते म्हणून आपल्याला सवय राहिली नाही. विकणारा "आत घरातच दाखवतो" म्हणाला तर त्याला खाली रस्त्यावर आणा.

आणि घेतल्यावर लगेच डोंगरात नेऊ नका. मासुंदा तलावाला पहाटे तीन फेऱ्या मारा, ट्रॅक चालू ठेवून. तीन रेघा एकमेकींपासून किती सरकतात ते बघा, म्हणजे यंत्राच्या "बरोबर"चा अर्थ कळेल. मग तसंच गोखले रोडवरून चाला. उंच इमारतींवरून आपटून आलेला सिग्नल तुम्हाला रस्त्याच्या कडेवरून उचलून दुकानात नेऊन बसवेल. डोंगरातल्या अरुंद नाळेत (घळीत) हेच होतं.

नौपाड्याची गणितबाई

तीन महिन्यांनी लिहितेय, धागा वर आणल्याबद्दल माफी.

एसईचं भावाला सांगितलं होतं, त्याचं येणंच पुढे गेलं. शेवटी मुलुंडच्या एका गृहस्थांकडून वापरलेलं ३०एक्स ८ हजारांना घेतलं. त्यांचे गुडघे गेले म्हणून विकत होते. कप्पा स्वच्छ, काडी ठीक. खाली रस्त्यावर या म्हटलं तर त्यांनीच सांगितलं, पंधरा मिनिटं थांबा, घाई करू नका. म्हणजे माणूस जाणता होता.

मासुंद्याला तीन फेऱ्या मारल्या. रेघा चार-पाच मीटरने इकडेतिकडे, एका ठिकाणी मी तलावात. गोखले रोडला मी एका बँकेच्या आत होते. वर्गात दोन्ही रेघा फळ्यावर काढून दाखवल्या, मुलांना सरासरी आणि विचलन एका तासात कळलं, जे एरवी आठवडाभर कळत नाही.

मग जानेवारीत परत आहुपे. सहाही जणी. लख्ख ऊन होतं. तोंडाशी खूण ठेवली, नाव "तोंड" दिलं, ते इंग्रजी लिपीत घालावं लागलं कारण यंत्राला देवनागरी येत नाही. मग पठारावर तो खडक शोधला जिथे आम्ही बसलो होतो. खाली चॉकलेटचा एक चंदेरी कागद अजून होता, आमचाच, लाज वाटली, उचलला. यंत्राला विचारलं तोंड किती लांब. १४० मीटर. आमच्या शाळेच्या मैदानाला एक फेरी मारली तर याहून जास्त होतं.

कळवा ते कळसूबाई

१४० मीटर! ताई, ट्रॅकची जीपीएक्स फाइल टाकता का इथे? आणि काका जिंकले, मान्य.

ऐरोलीचा म्हातारा

फाइल टाका, पण सोबत महिना लिहा. जानेवारीचा ट्रॅक घेऊन कुणी जुलैत जाईल, आणि जानेवारीतल्या कोरड्या ओढ्यात जुलैत कमरेएवढं पाणी असतं.

बाई, घरी आल्यावर यंत्रातून सेल काढून ठेवलेत ना?

नौपाड्याची गणितबाई

नव्हते काढले. आत्ता काढले.